पाइन बॅरन्समध्ये पाय ओले करताना: न्यू जर्सीच्या सपाट जंगलात गटाने कसं फिरावं

न्यू जर्सी म्हटलं की टर्नपाइक, गोदामं आणि न संपणारी रहदारी आठवते. इथे राहायला आल्यावर पहिली काही वर्षं माझीही हीच समजूत होती. मग एकदा अटलांटिक सिटीकडे निघालो असताना फोनने रूट २०६ धरायला लावला आणि बराच वेळ दोन्ही बाजूंना पाइनच्या झाडांखेरीज काही दिसेना. गाडीतल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढं जंगल इथे आलं कुठून?

या जंगलाचं नाव पाइन बॅरन्स. १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने त्याला पाइनलँड्स नॅशनल रिझर्व्हचा दर्जा दिला. देशातलं हे पहिलंच नॅशनल रिझर्व्ह. क्षेत्र सुमारे ११ लाख एकर, म्हणजे राज्याच्या जमिनीच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्तच. त्यात गावं आहेत, शेती आहे, खासगी जमिनी आहेत, पण मधोमध व्हार्टन स्टेट फॉरेस्टसारखे लाखभर एकरांचे सरकारी जंगलाचे सलग पट्टेही आहेत. यात फिरायला तिकीट काढून रांग लावावी लागत नाही. मात्र गेलो आणि चालायला लागलो, असंही चालत नाही.

कारण हे जंगल सपाट आहे. सह्याद्रीत पाय कळवळले की कळतं आपण चढतोय. दरी उजवीकडे, सुळका डावीकडे, वाट चुकली तरी दिशा सुटत नाही. इथे तसं काही नाही. ॲपल पाय हिल ही इथली नावाजलेली टेकडी जेमतेम २०० फुटांच्या थोडी वर भरते. चहूकडे सारखीच झाडं, सारखीच वाळू. पहिल्या दोन फेऱ्यांत कंटाळा येतो, आणि तो आला तर दोष जंगलाचा नाही. इथे उंची फुटांत नाही, वितीत मोजायची असते. जमीन वीत-दोन वीत खाली गेली की झाडं बदलतात, पायाखालची माती बदलते, कधीकधी बूटही तिथेच राहतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी माणसं ठरवा

चार ते सहा जण पुरे. आठच्या वर गेलं की ती सहल होते. सहलीला माझी हरकत नाही, पण मग बेडूक ऐकू येत नाहीत. गाड्या दोन हव्यात. एक वाळूत रुतली तर दुसरी मदतीला येते, आणि स्वतःच्या होड्या घेऊन नदीत उतरायचं असेल तर दोन गाड्यांशिवाय जमतच नाही.

गटातली भांडणं बहुतेक वेळा वेगावरून होतात. एकाला दिवसात बारा मैल चालायचे असतात, दुसऱ्याला एका शेवाळाचे चाळीस फोटो काढायचे असतात. दोघांनाही बरोबर घ्यायचं असेल तर सकाळी गाडीतच ठरवून टाका, की आजचा दिवस चालण्याचा की बघण्याचा. आम्ही सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतो. तो पुढे असला की कुणी मागे राहत नाही आणि त्याला कानकोंडं व्हायलाही होत नाही. शेवटी चालणारा मात्र पक्का माणूस हवा. त्याने दर वळणावर डोकी मोजायची.

नवखे असाल तर पहिल्या एक-दोन वेळा जाणकारांबरोबर जा. जंगल राखणाऱ्या संस्था, स्थानिक वनस्पतींचा अभ्यास करणारी मंडळं, कनू (वल्ह्याची निमुळती होडी) चालवणारे क्लब वर्षभर अशा फेऱ्या काढतात. त्यांच्यात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं भरपूर असतात, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेका रोपाचं लॅटिन नाव ती आनंदाने सांगतात. शास्त्रीय नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. ती माणसं कुठे थांबतात आणि कुठे वाकून बघतात, ते पाहा.

निघण्याआधी घरी कुणाला तरी सांगून ठेवा: कुठून आत जाणार, कुठे बाहेर पडणार, आणि अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं. आतल्या भागात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे पोचल्यावर कळवतो या वचनावर विसंबू नका.

ऋतू निवडा

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. डास ओसरलेले असतात, निळी जेन्शियन फुलते, क्रॅनबेरीच्या शेतांत पाणी सोडून पिकलेली फळं तरंगवतात, तेव्हा लालभडक तळीच्या तळी दिसतात. चॅट्सवर्थ गावाजवळच्या रस्त्यांवरून ती बघता येतात. शेतं मात्र खासगी आहेत, बांधावर चढून फोटो काढायचा मोह आवरा.

मे-जूनमध्ये जंगल ऐन भरात असतं. रात्री पाइन बॅरन्स ट्री फ्रॉग ओरडतो. अंगठ्याच्या पेराएवढा हिरवागार बेडूक, कडेने जांभळट पट्टा, आणि आवाज मात्र नाकात बोलणाऱ्या बदकासारखा. पण गोचिडीही याच दिवसांत सर्वाधिक, त्याबद्दल पुढे बोलू. जुलै-ऑगस्टमध्ये चालायला जाऊ नका, नदीत जा. हिवाळा आवडतो त्याहून जास्त लोकांना आवडायला हवा, असं मला वाटतं. पानं गळलेली, किडे नाहीत, जमिनीचा चढउतार स्पष्ट दिसतो. फक्त बॉगवर, म्हणजे शेवाळाच्या पाणथळ जागेवर, जमलेल्या बर्फावर भरवसा ठेवू नका.

डिसेंबरच्या सुरुवातीला बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या आठवड्यात जंगलात जाणं टाळावं. एरवीही शरद ऋतूपासून हिवाळाभर अंगात भडक केशरी जाकीट हवं. करडा-तपकिरी ट्रेकिंगचा शर्ट दिसायला छान असतो, पण इथे नेमकं न दिसणंच धोक्याचं.

नकाशा कागदाचा, गाडी सांभाळून

व्हार्टन फॉरेस्टमधले कच्चे रस्ते म्हणजे वाळूच्या वाटांचं जाळं आहे. जुन्या नकाशातले कित्येक आता पाण्याखाली असतात, काही बंद केलेले. कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते याचा ताजा नकाशा वन कार्यालयातून घ्या आणि फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. कागदाची प्रत आणि साधं होकायंत्र असू द्या. सपाट जंगलात फोनची बॅटरी संपली की सूर्याखेरीज खूण उरत नाही, आणि ढगाळ दिवशी तोही नसतो.

वाळूचं इथलं नाव शुगर सँड. साखरेसारखी बारीक, पांढरी, आणि तितकीच निसरडी. आमची छोटी सेडान पहिल्याच वर्षी तीत बसली. रस्ता टणक दिसत होता, एका वळणावर चाक किंचित घसरलं आणि चालवणाऱ्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. तीन सेकंदांत पुढची चाकं अर्धी गाडली गेली. नंतर कळलं ते असं: ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, थांबायचं. चाकांमागची वाळू हाताने काढायची, गाडीतल्या रबरी चटया चाकाखाली सारायच्या, टायरमधली थोडी हवा कमी करायची आणि हळूच आलो तसं मागे जायचं. आम्हाला दोन तास लागले. टो ट्रकवाल्याने फोनवर जागा ऐकून सरळ नाही म्हटलं होतं. तेव्हापासून गाडी पक्क्या रस्त्यालगतच्या वाहनतळावर ठेवतो आणि पुढे चालत जातो. सुरुवातीला बॅट्स्टो, ॲट्सियन किंवा करान्झा स्मारक यांपैकी एक निवडा.

करान्झा स्मारकाचं म्हणाल तर, एमिलिओ करान्झा हा मेक्सिकोचा तरुण वैमानिक जुलै १९२८ मध्ये न्यूयॉर्कहून परत मायदेशी उडताना वादळात सापडला आणि इथेच कोसळला. वय २२. जंगलाच्या मधोमध, आजूबाजूला काही नसताना, त्याचा दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्याजवळून बॅटोना ट्रेल जाते. ही इथली लांब पायवाट, पन्नासएक मैलांची, झाडांवर गुलाबी रंगाच्या खुणा. नाव 'बॅक टू नेचर'वरून आलं. पहिल्या दिवसासाठी हिच्यावर चार-पाच मैल जाऊन परत येणं उत्तम.

पाइन वाचायला शिका

पहिला तास चालू नका. खरंच. वाटेवर उभं राहून एका पिच पाइनच्या झाडाकडे बघा. सुयांचा एक झुबका तोडून मोजा, एकेका झुबक्यात तीन सुया. खोडाची साल जाड, काळपट, खवल्यांची. आता खोडावरच थेट फुटलेले सुयांचे गुच्छ शोधा, जणू झाडाला मिशा आल्यात. ही आगीची खूण. आग फांद्या जाळून गेली तरी सालीखालचे डोळे जिवंत राहतात आणि खोडातूनच पालवी फुटते. इतर बहुतेक पाइन जळली की मरतात, हे झाड पुन्हा उभं राहतं.

काही झाडांची बोंडं वर्षानुवर्षं राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या धगीनेच उघडतात. वॉरन ग्रोव्हच्या बाजूला खुज्या पाइनचे पट्टे आहेत, तिथे हा प्रकार जास्त. त्या भागात आग इतक्या वेळा येऊन गेली की झाडं माणसाच्या उंचीची राहिली. रस्त्याकडेला उभं राहून क्षितिजापर्यंत पाइनचे शेंडे खालून नाही, वरून बघायला मिळतात. तिथे नुसतं उभं राहायलाही मी लोकांना घेऊन जाते.

आता चाला, आणि उतार शोधा. डोळ्यांना दिसणार नाही, झाडांवरून ओळखायचा. पाइनखाली खुरटे ओक आणि कोरडी पांढरी वाळू असेल तर तुम्ही वर आहात. हकलबेरीची झुडपं दाट झाली, वाळू करडी झाली, की खाली सरकताय. ओक गायब झाले, ब्लूबेरीची उंच झुडपं आली, पायाखाली मऊ लागलं, की पाणी जवळ आहे. आणि समोर सरळसोट, काळोख्या, एकमेकांना खेटून उभ्या झाडांची भिंत आली तर तो अटलांटिक व्हाइट सीडर, म्हणजे तिथे पाणी नक्कीच आहे. पाइनच्या उन्हातून सीडरच्या सावलीत शिरल्यावर अंगाला गारवा जाणवतो. वरच्या कोरड्या वाळूपासून इथवर कित्येकदा जमीन जेमतेम कमरेएवढी उतरलेली असते.

असं का होतं, तर वाळूखाली सगळीकडे पाणीच आहे. कर्कवूड-कोहॅन्सी नावाच्या भूजलसाठ्यात १७ लाख कोटी गॅलन पाणी असल्याचं मानतात. ते फार खोल नाही. जमीन जरा खचली की पाणी वर दिसायला लागतं. हिवाळ्यात-वसंतात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या अशा उथळ खळग्यांना जुनी स्थानिक माणसं 'स्पंग' म्हणतात. ही माणसं स्वतःला पायनी म्हणवतात. हा शब्द पूर्वी शिवी होता, आता अभिमानाने लावतात. तरी आपण बाहेरच्यांनी तो त्यांच्या तोंडावर वापरायची घाई करू नये.

बॉगमध्ये उतरताना

बॉग म्हणजे नुसती दलदल नव्हे. आपल्याकडची दलदल म्हणजे चिखल, कुबट वास. इथे वास जवळजवळ नसतो. स्फॅग्नम नावाच्या शेवाळाची गादी असते, आणि ती स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवते. एक मूठ उचलून पिळली तर ओल्या टॉवेलासारखी धार लागते. पिळून झालं की ती मूठ परत जागेवर ठेवा. पहिल्या महायुद्धात हे शेवाळ जखमांवर बांधायला वापरलं गेलं होतं. पाणी असं शोषून घेत असल्यावर कापसाची आठवण कुणाला येईल?

पहिला बॉग म्हणून रूट ५३९ वरचा वेब्स मिल बॉग बघा. लाकडी फळ्यांची छोटी वाट आहे, पाय भिजत नाहीत, लहान मुलं आणि सासूबाई दोघांनाही जमते. पण फळ्यांवर पालथं पडायची तयारी ठेवा. उभं राहून काहीच दिसत नाही. आमच्याबरोबर एकदा मैत्रिणीच्या सासूबाई आल्या होत्या. आम्ही सगळे लांब बघत उभे होतो, आणि त्या गुडघ्यांवर बसून म्हणाल्या, "अगं, हे दव अजून वाळलं कसं नाही?" दुपारचे बारा वाजले होते. ते दव नव्हतं, तो ड्रॉसेरा होता, किडे खाणारं रोप. नखाएवढ्या पानावर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलटाएवढी माशी अडकली होती आणि दोन-तीन केस तिच्यावर वाकले होते. सासूबाई वीस मिनिटं हलल्या नाहीत.

शेजारीच पिचर प्लांटचे लालसर घट. त्यात पावसाचं पाणी साठतं, आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात, आत पडलेला किडा वर येऊ शकत नाही. तरीही याच पाण्यात एका जातीच्या डासाच्या अळ्या सुखाने वाढतात. झाडांनी किडे खायला का लागावं? कारण या वाळूत चुना नाही, पाणी आम्लधर्मी आहे, नायट्रोजन मिळत नाही. अन्न जमिनीतून मिळेना म्हणून हवेतून पकडायचं.

आता भिजायचंच असेल तर. चॅट्सवर्थजवळच्या फ्रँकलिन पार्कर प्रिझर्व्हमध्ये क्रॅनबेरीची सोडून दिलेली जुनी शेतं आहेत. बांधांवरून कोरड्या पायांनी चालता येतं आणि बांधाच्या कडेला हळूच पाणी अजमावता येतं. काही नियम आम्ही चुकत चुकत शिकलो. गमबूट नकोत, एकदा पाणी आत गेलं की बादली पायाला बांधल्यासारखं होतं. जुने, नाडीचे, घट्ट बसणारे बूट आणि लोकरी मोजे बरे. हातात छातीएवढी काठी. पुढचं पाऊल टाकण्याआधी काठी टेकवा, तळ लागला तरच पाऊल. काठी हातभर सहज आत गेली तर तिथून मागे वळा. तरंगत्या शेवाळाच्या गादीवर, जिथे पाऊल टाकलं की तीन हातांवरचं झुडूप हलतं, तिथे जाऊच नका. तुम्ही बुडाल न बुडाल, ती गादी मात्र फाटते आणि लवकर भरून येत नाही.

पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. ओढला की बूट तिथेच राहतो, आमच्यातल्या एकाचा अजून तिथेच आहे. मागे झुका, जमलं तर बसा, वजन पसरू द्या, पाय पुढेमागे हलवून बाजूने पाणी आत जाऊ द्या, मग टाच आधी सोडवा. बाकीच्यांनी धावत जवळ जायचं नाही, काठी लांबून पुढे करायची.

कडेच्या साचलेल्या पाण्यावर कधी इंद्रधनुषी तवंग दिसतो. कुणी तेल सांडलं म्हणून हळहळण्याआधी काडीने तो हलवा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोहजीवाणूंचं काम. तुकडे न होता परत एकत्र वाहू लागला तर मात्र तेल. वाळूतून झिरपणारं पाणी लोह घेऊन येतं, हवा लागली की ते गंजासारखं खाली बसतं, आणि बसत बसत दगड होतो. हेच इथलं बॉग आयर्न. त्यावर १७६६ साली बॅट्स्टोला भट्टी उभी राहिली आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सैन्याला लागणारा दारूगोळा इथून गेला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या खनिजापुढे आणि कोळशापुढे या भट्ट्या टिकल्या नाहीत. गाव मात्र जपून ठेवलंय, परतताना तासभर काढा.

ब्लूबेरीही इथलीच. जंगली झुडपांतून चांगली झुडपं निवडून एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी व्हाइट्सबॉगला तिची लागवड बसवली आणि १९१६ मध्ये पहिलं व्यापारी पीक विकलं. जंगलात शिकाऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी टपोऱ्या फळांची झुडपं हेरून द्यायची आणि व्हाइटबाईंनी त्याचे पैसे मोजायचे, असा तो व्यवहार होता.

नदी

इथल्या नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं असतं. ओंजळीत घेतलं तर सोनेरी, दोन फूट खोलीवर लालसर, त्याहून खोल ठिकाणी काळं. सीडरच्या आणि पानांच्या टॅनिनने, लोहाने हा रंग येतो. घाण नाही ती. तरी प्यायचं पाणी घरूनच न्या, माणशी तीन लिटर.

पहिल्यांदा ओस्विगो नदी घ्या. ओस्विगो तळ्यावर उतरायचं, हॅरिसव्हिल तळ्यावर बाहेर पडायचं, रमतगमत अर्धा दिवस. कनू भाड्याने देणारे आणि वर नेऊन सोडणारे जवळपास आहेत, हंगामात आधी फोन करून ठेवा. स्वतःच्या कनू असतील तर एक गाडी खाली ठेवून सगळे दुसऱ्या गाडीने वर जा. आणि खालच्या गाडीची किल्ली खिशात आहे हे नदीत उतरण्याआधी दोघांनी तपासा. ती वरच्या गाडीत राहते. नेहमी तीच राहते.

बहुतेक पाणी भूजलातून येत असल्याने पूर सहसा येत नाही आणि खोली बऱ्याच ठिकाणी कमरेएवढीच. म्हणून लोक गाफील राहतात. नदी अरुंद आहे, वळणं केसाच्या पिनेसारखी, आणि प्रत्येक तिसऱ्या वळणावर एखादा सीडर आडवा पडलेला. प्रवाह त्याच्या फांद्यांखालून जातो, कनू जात नाही. आपण फांदीवर आदळणार असं वाटलं की माणूस आपोआप उलट बाजूला झुकतो. तसं झुकलात की प्रवाहाच्या वरच्या अंगाने पाणी आत शिरतं आणि कनू उलटते. फांदीच्या बाजूला झुका, तिला धरायला जाऊ नका, वल्ह्याने हळूहळू बाजूला सरका. पुढे बसलेल्याने ओरडून सांगायचं, मागच्याने वळवायचं. नवरा-बायकोने एकाच कनूत बसावं का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर सोडवावा.

लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालायचं. मुलांना तर ते कायद्यानेच सक्तीचं आहे. एप्रिलमध्ये ऊन कितीही छान पडलं तरी पाणी अंग बधिर करणारं असतं, कोरड्या कपड्यांचा एक जोड वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा. पोहायला जीवरक्षक असलेल्या ठरलेल्या जागीच परवानगी असते, उदाहरणार्थ ॲट्सियन तळं.

आग, दारू, साप

दिवसाच्या फेरीत शेकोटी पेटवू नका. जून २०२२ मध्ये मलिका नदीकाठी बेकायदा शेकोटीतून लागलेल्या आगीत १३,००० एकरांहून जास्त जंगल जळलं. रात्री मुक्काम असेल तर परवाना काढून ठरलेल्या जागीच, आणि त्या दिवशीचे वणव्याचे निर्बंध बघून. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, हाताच्या मागच्या बाजूने धग लागत नाही ना बघा. चहासाठी थर्मास सर्वोत्तम. जानेवारी ते मार्चमध्ये धूर दिसला तर दर वेळी घाबरू नका, वनविभाग मुद्दाम जमिनीलगतचा पाचोळा जाळतो. सरकारी उद्यानांत दारू आणि ड्रोन दोन्हींना बंदी आहे.

टिंबर रॅटलस्नेक इथे आहे, पण तो राज्यात लुप्तप्राय म्हणून संरक्षित आहे आणि बहुतेकांना आयुष्यात दिसत नाही. पाइन स्नेक मात्र मोठ्याने फुत्कारतो आणि बिनविषारी असतो. दोघांपासूनही लांब व्हा, काठी घेऊन पुढे जाऊ नका. लाकडाच्या ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका, एवढं पुरे.

गोचीड

लोक सापाला घाबरतात आणि गोचिडीला विसरतात. खरा त्रास हिचा. लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि मे ते जुलै ते सगळ्यात जास्त सापडतं. लोन स्टार गोचीडही इथे भरपूर. तिच्या चाव्याने काहींना मटणाची ॲलर्जी होते, आणि हे ऐकल्यावर आमच्या गटात सगळ्यात निष्काळजी असलेला माणूसही पँट मोज्यात खोचू लागला.

फिकट रंगाची लांब पँट, पाय मोज्यात. कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवून घ्या. ते अंगावर लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा. उघड्या त्वचेवर डीट असलेलं औषध. वाटेच्या मधून चाला, गवतात बसू नका. दर तासाला थांबून एकमेकांचे पाय बघा. पहिल्यांदा लाज वाटते.

घरी पोचल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये, मोठ्या आचेवर दहा मिनिटं. धुतल्याने गोचिडी मरतीलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरतात. मग अंघोळ, आणि काखा, गुडघ्यांमागे, कानामागे, बेंबी, केसांत नीट तपासणी. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि सरळ वर ओढा. तेल, व्हॅसलिन, पेटती काडी असले उपाय नकोत. लाइमचा जंतू शिरायला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच रात्री बघणं महत्त्वाचं. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत वाढत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

फोटो गटात टाकताना एक करा. ऑर्किडचा, सापाचा, दुर्मीळ रोपाचा फोटो असेल तर त्यातलं लोकेशन काढून टाका. रोपं खणून नेणारे आणि साप पकडून विकणारे लोकही असे फोटो बघत असतात. "चॅट्सवर्थच्या आसपास" एवढं लिहिलं की झालं. नेमकी जागा ज्याला हवी त्याला पुढच्या वेळी बरोबर घेऊन जा.